आधी ब्रश, मग कॉम्प्रेसर

छोटी मॉडेल जहाजं बनवायला लागलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो: एअरब्रश घे. मी सॉफ्टवेअरवाला, यंत्रांशी माझं वैर नाही. तरी हा सल्ला मला साफ नामंजूर आहे.

रेवसचंच उदाहरण घ्या. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. बोट सुमारे १७९ फुटांची. १:७०० प्रमाणात ती होते ७.८ सेंटीमीटर, म्हणजे हातातल्या फोनच्या रुंदीएवढी. एवढ्याशा जागेत एअरब्रश म्हणजे प्रत्येक रंगाला मास्किंग टेप आणि दर वेळी सुई-नोझलची धुलाई. त्यात आपला पावसाळा: कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो, नळीत पाणी साचतं आणि रंगावर थेंब उडतात.

एअरब्रशचा थर पातळ आणि एकसारखा बसतो, हे मान्य. युद्धनौकेच्या लांबलचक करड्या अंगाला तो शोभतोही. पण अॅक्रिलिक पातळ करून दोन-तीन हात दिले, तर ब्रशचे ओरखडेही दिसत नाहीत.

खरा प्रश्न वेगळाच आहे. यामातो, बिस्मार्कचे किट विकत मिळतात. ‘रामदास’ मात्र जुने फोटो बघून, प्लास्टिकच्या पट्ट्या कापून घडवावी लागेल. ती रेवसच्याच एखाद्या पोराने घडवावी. त्याला आधी हजारोंचं यंत्र सांगाल, तर तो सुरुवातच करणार नाही. झीरो नंबरचा ब्रश आणि रंगाच्या तीन बाटल्या, एवढ्यावर ही बोट उभी राहते.