गोणपाटाचें गणित

ज्या प्रदेशाची निर्यात मोठी तो प्रदेश संपन्न, असा समज सुशिक्षित मंडळींतही रूढ आहे. तो कितपत खरा हें पाहण्यासाठीं आम्ही आज तागाचें उदाहरण घेतों. आपल्याकडे शेतांत हिरवळीच्या खतासाठीं जो ताग पेरतात, तो निराळा. ज्याची गोणी आपल्या कोठीच्या खोलींत असते, तो ताग बंगालचा. तिकडे त्यास ‘पाट’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकांत बंगालचा कच्चा ताग जहाजांनीं स्कॉटलंडांतील डंडी शहरीं जाई. देवमाशाच्या तेलानें तो मऊ करून यंत्रावर कांतण्याची युक्ति तेथें साधली होती. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धामुळें रशियाकडून येणारा जवसाचा धागा दुर्मिळ झाला आणि डंडीचें नशीब उघडलें. परंतु १८५५ सालीं कलकत्त्याजवळ रिश्रा येथें पहिली तागगिरणी निघाली, आणि पहिल्या महायुद्धापूर्वींच हुगळीकांठच्या गिरण्यांनीं डंडीस मागें टाकलें. बंगालची निर्यात कच्च्या मालाकडून पक्क्या मालाकडे वळली. केवळ वजनांची तुलना करणारास हा पालट दिसणार नाहीं. मणभर ताग आणि मणभर गोणपाट यांचें मोल एक नव्हे.

पुढें १९४७ सालीं फाळणी झाली. गिरण्या भारतांत राहिल्या. तागाची बहुतेक उत्तम जमीन पूर्व बंगालांत, म्हणजे पाकिस्तानांत गेली. १९४९ मध्यें भारतानें रुपयाचें अवमूल्यन केलें, पाकिस्तानानें केलें नाहीं, आणि तागाचा व्यापार अडला. तेव्हां भारतानें स्वतःची लागवड वाढविली, तर पूर्व बंगालांत १९५१ सालीं नारायणगंज येथें आदमजी यांची प्रचंड गिरणी सुरू झाली. म्हणून १९४७ च्या अलीकडचे व पलीकडचे आंकडे शेजारीं मांडतांना सावध राहावें. कोष्टकांत जी घट दिसते, ती पुष्कळदा पिकाची नसून सीमारेषेची असते.

आंकड्यांमागें माणसेंही असतात. पूर्व पाकिस्तानचा ताग देशास परकीय चलन मिळवून देई. परंतु तें चलन खर्च होई मुख्यतः पश्चिमेकडे, ही तेथील बंगाली लोकांची तक्रार होती. १९७१ सालीं बांगलादेश निर्माण झाला, त्यामागील असंतोषांत या तक्रारीचाही वांटा होता. निर्यात भरघोस होती, पण पिकविणारा तृप्त नव्हता.

आजची स्थिति पाहा. ताग पिकविण्यांत भारत पहिला, परंतु निर्यातींत बांगलादेश पुढें. यावरून भारताचा धंदा बुडाला असें कोणी म्हणेल, तर तें चुकेल. १९८७ च्या कायद्यानें येथें धान्य व साखर यांसाठीं तागाच्या गोणींची सक्ति झाली, म्हणून बहुतेक माल घरींच खपतो. घरांत जें जेवलें जातें, तें बाजारांत दिसत नाहीं! उलट, निर्यातींत पुढें असूनही बांगलादेशास आदमजी गिरणी २००२ मध्यें आणि उरलेल्या सरकारी तागगिरण्या २०२० मध्यें बंद कराव्या लागल्या. हजारों कामगारांच्या चुली त्यांवर अवलंबून होत्या.

तात्पर्य, निर्यातीचें कोष्टक समोर आलें म्हणजे वाचकांनीं तीन प्रश्न विचारावे: माल कच्चा कीं पक्का? त्या सालीं सीमा कोणती? आणि पैसा कोणाच्या हातीं गेला? घरांतील मुलांस बेरीज-वजाबाकी शाळा शिकवितेच. हे प्रश्न विचारण्याची संवय मात्र वडीलधाऱ्यांनीं लावावयाची असते.