भोंवळ लपवूं नये

खेळतांना डोक्यास मार बसून मुलास भोंवळ आली कीं त्यास कांदा हुंगवावा, पाणी पाजावें आणि “धीट हो” म्हणून पुनः मैदानांत धाडावें, अशी रीत सर्वत्र दिसते. आमच्या मतें हें शौर्य नव्हे, अविचार होय. मेंदूस हिसका बसला तरी बाहेर जखम दिसतेच असें नाहीं. म्हणून त्या दिवशीं खेळ बंदच ठेवावा. वारंवार वांति, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके आल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

परंतु अंधाऱ्या खोलींत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवणेंही चुकीचेंच. क्रीडेंतील मेंदूच्या दुखापतींविषयीं २०२२ सालीं अ‍ॅमस्टरडॅम येथें भरलेल्या परिषदेनें एक-दोन दिवस बेताची विश्रांति व नंतर हळूहळू हालचाल, हाच मार्ग सांगितला आहे.

कधीं कधीं माराच्या हिसक्यानें आंतील कानांतले चुन्याचे सूक्ष्म कण जागचे हलतात. मग कूस बदलतांच घर फिरूं लागतें. तज्ज्ञ डॉक्टरांनीं मान तपासून डोकें ठराविक क्रमानें वळविलें, म्हणजे ते कण बहुधा स्वस्थानीं परततात.

मुलांनो, भोंवळ लपवूं नका. पालकहो, तिला भित्रेपणा म्हणूं नका. सामने पुढील वर्षींही होतील. मेंदू मात्र एकच आहे.