थांबणं हाही संवादच



दिवाळीची एकांकिका होऊन तीन आठवडे झाले, तरी नाटकातली सूटकेस आमच्या गॅरेजमध्ये अजून तशीच आहे. लेक ती हलवू देत नाही. अकरा वर्षांची ती आणि मी, दोघंही यंदा पहिल्यांदाच नाटकात शिरलो. त्या अनुभवातून एक गोष्ट परदेशातल्या आपल्या मराठी मंडळापुढे ठेवावीशी वाटते.

माझ्याकडे आजोबांची भूमिका होती. शनिवारी दुपारी लेकीला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिला तालमीला नेत होतो. दुसऱ्याच तालमीला प्रॉम्प्टर आला नाही. दिग्दर्शिकेने संहिता लेकीच्या हातात दिली आणि म्हणाली, "आज तू बस गं." देवनागरी ती अडखळत वाचते. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने माझ्याकडून एकेक वाक्य वाचून घेतलं आणि वहीत रोमन अक्षरांत उतरवलं. 'ळ' आला की अक्षराखाली टिंब, हा नियम तिचा तिनेच काढला. मराठी शाळेत तीन वर्षं तिला 'ळ' नकोसा होता. इथे तो हवासा झाला, कारण ती चुकली तर समोरचा माणूस अडणार होता.

नाटकात एक जागा आहे. आजोबा भारतात परत निघालेत, सूटकेस दाराशी आहे. नातू विचारतो, "आजोबा, परत कधी येणार?" संहितेत पुढे कंसात लिहिलंय, 'आजोबा थांबतात'. मग ते म्हणतात, "बघू हं." मी थांबलो की कोपऱ्यातून दबका आवाज यायचा, "बघू, बाबा, बघू!" असं चार वेळा झालं. तेव्हा दिग्दर्शिका तिच्या शेजारी जाऊन बसली. "त्यांना वाक्य आठवतंय गं. थांबणं हाही संवादच असतो. वाक्य विसरलेला माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. हे बघ, आजोबा सूटकेसकडे बघतायत." लेकीने त्या जागेभोवती पेन्सिलीने गोल काढला.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "नाशिकचे आजोबा फोनवर असेच थांबतात ना? मला वाटायचं, फोन कट झाला." मला उत्तर सुचेना. ती थांबली.

आपल्या कार्यक्रमांची रीत आपल्याला माहीत आहे. आधी मुलांचे नाच, मग टाळ्या आणि फोटो. त्यानंतर मुलं मागच्या खोलीत खेळायला जातात आणि मोठ्यांचं नाटक सुरू होतं. दोन्हींसाठी आपण मनापासून राबतो, पण एकाच घरातली दोन माणसं एकाच कामात अशी क्वचितच असतात. आपल्या मराठी रंगभूमीने मुलं आणि मोठी माणसं यांच्यातली ही भिंत कधीच पाडलेली आहे. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, तेव्हा मुलांच्या नाटकालाही मोठ्यांच्या नाटकाइतकीच मेहनत लागते हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स नाट्यचळवळ पुण्यात रुजवली. तिच्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांचे प्रश्न मुलांच्या बाजूने मांडतात. आणि १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा तर दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला धावणाऱ्या हौशी माणसांनीच जगवली. दिवसभर काम करून शाळेच्या कॅफेटेरियात खुर्च्या बाजूला सारून तालीम करणारे आपण त्याच गोतावळ्यातले आहोत.

तालमीत घरातलं वडीलपण गळून पडतं. तिथे मीही शिकाऊ होतो आणि तीही. माझी पाठ प्रेक्षकांकडे वळली की ती वहीतून मान वर करून खूण करायची. घरी मी तिचं मराठी सुधारतो, तिथे ती माझं वाक्य राखत होती. आपल्या मुलांना मराठी येत नाही, असं आपण नेहमी म्हणतो. पण मराठीत त्यांच्यावर आपलं काही अवलंबून आहे, असं किती वेळा घडू देतो?

प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली. नातवाने विचारलं, "परत कधी येणार?" मी थांबलो. विंगेत वही उघडी होती, लेक माझ्याकडे बघत होती, आणि आवाज आला नाही. पुढच्याच प्रवेशात मी एक वाक्य खरंच विसरलो. तेव्हा पहिले दोन शब्द अचूक आले. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आणि तुम्हां सर्वांपुढे एक विनंती आहे. गुढीपाडव्याचं नाटक घराघरातून जोडीने करू या. एक मोठं माणूस आणि एक मूल, मग ती आई असो, काका असो की इथे सहा महिन्यांसाठी आलेली आजी. अभिनय करायलाच हवा असं नाही. प्रॉम्प्टिंग आहे, संगीत आहे, पडदा ओढायचा आहे, चहा करायचा आहे. अट एकच, दोघांनी तालमीला एकत्र यायचं आणि एकत्र घरी जायचं. गाडीतला तो परतीचा वेळही नाटकाचाच भाग समजा.

संहिता देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही अक्षरांत छापू. येताना वही आणि पेन्सिल तेवढी आणा. सूटकेस आमच्याकडे आहे.

आपला,
संपादक