सवय होईल, म्हणजे काय?

हातातल्या फोनचे रूप एका रात्रीत बदलले की जगभर गदारोळ उठतो आणि महिना-दोन महिन्यांत तो विरूनही जातो. या गदारोळाकडे पाहण्याची सुशिक्षितांची एक ठरलेली रीत आहे. ‘माणसाला बदल नकोच असतो, चार दिवस कुरकुर करतील, मग सवय होईल,’ असे म्हणून विषय मिटवला जातो. साहित्याच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना हा युक्तिवाद परिचयाचा आहे. नवे काही आले की वाचक आधी नाक मुरडतो आणि पुढे त्याची अभिरुची घडत जाते, हे आपण वर्गावर्गांतून सांगत आलो आहोत. फोनच्या बाबतीत मात्र तोच युक्तिवाद वापरणे अन्यायाचे आहे, असे माझे मत आहे. या तक्रारींत अभिरुचीचा भाग असतो तसाच अनुभवाचा असतो, आणि त्याहून अधिक संमतीचा असतो. हे तीन धागे वेगळे करून पाहिले पाहिजेत.

ताजे उदाहरण घेऊ. ॲपल कंपनीने ९ जून २०२५ रोजी आयफोनच्या नव्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, घोषणा केली आणि १५ सप्टेंबरला ती सर्वांसाठी खुली झाली. आधीच्या आवृत्तीचा क्रमांक १८ होता, हिचा एकदम २६. ‘लिक्विड ग्लास’ ही नवी दृश्यशैली हे तिचे मुख्य आकर्षण. बटणे, पट्ट्या, सूचनांचे चौकोन हे सारे जणू काचेचे झाले. मागचे चित्र त्यांतून झिरपू लागले, कडांशी प्रकाश वाकू लागला. कोणाला ते देखणे वाटले, कोणाला दिखाऊ. पण चाचणीच्या आवृत्त्यांपासूनच एक तक्रार सातत्याने येत राहिली : अक्षर नीट वाचता येत नाही. चाचणीच्या काळात कंपनीने पारदर्शकता कमी केली, मग थोडी पुन्हा वाढवली. अखेर ३ नोव्हेंबरला आलेल्या २६.१ या आवृत्तीत काचेला अधिक दाट छटा देण्याचा पर्याय वापरणाऱ्यांच्या हाती दिला.

‘हे सुंदर नाही’ आणि ‘हे वाचता येत नाही’ ही दोन विधाने एका जातीची नाहीत. पहिल्याबद्दल वाद घालता येतो आणि काळ त्याचा निर्णय बदलूही शकतो. दुसरे विधान मोजून तपासता येते. संकेतस्थळांसाठी जे आंतरराष्ट्रीय सुगम्यतेचे निकष २००८ पासून चालत आले आहेत, त्यांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे म्हटले आहे. फोनच्या पडद्याला हा निकष शब्दशः लागू करा अगर न करा, त्यामागचा विचार स्पष्ट आहे. अक्षरामागे काच असली आणि काचेमागे कोणते चित्र येईल याचा भरवसा नसला, तर हे गुणोत्तर दर क्षणी बदलणार. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना ‘सवय होईल’ म्हणून सांगण्यात काय हशील? डोळ्यांना अभिरुचीचे संस्कार देता येत नाहीत.

हा अनुभव पहिलाच नव्हे. १८ सप्टेंबर २०१३ रोजी आलेल्या सातव्या आवृत्तीने आयफोनचे रूप असेच मुळापासून पालटले होते. त्याआधीच्या पडद्यावर पुस्तकांसाठी लाकडी फळ्या होत्या, टिपणवहीला पिवळा कागद होता, खेळांच्या दालनाला हिरवी बनात होती. ते सारे गेले आणि सपाट रंग व बारीक अक्षरे आली. खऱ्या वस्तूंची ती नक्कल गेल्याचे दुःख कोणी केले, कोणी तिच्या जाण्याचे स्वागत केले. अभिरुचीचा तो वाद खरोखरच कालांतराने निवला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच वेळी काही लोक सांगत होते की, फोन उघडताना पडद्यावरची चित्रे अंगावर धावून आल्यासारखी वाटतात, घेरी येते, मळमळते. आधी हा हसण्याचा विषय झाला. मात्र कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिच्यात बिघाड असलेल्यांना अशा हालचालींचा त्रास होणे स्वाभाविक आहे. महिन्याभरात, २२ ऑक्टोबरला आलेल्या ७.०.३ या आवृत्तीत त्या हालचाली कमी करण्याची सोय विस्तारण्यात आली. लोकांना सवय झाली म्हणून हे घडले नाही. लोक बोलले म्हणून घडले.

याहून बोलके प्रकरण २०१७ चे. ‘नवी आवृत्ती घेतली की जुना फोन मंदावतो’ ही समजूत कित्येक वर्षे लोकांत होती आणि जाणकार तिला लोकभ्रम म्हणत. त्या वर्षीच्या डिसेंबरात एका वापरकर्त्याने असे दाखवून दिले की, बॅटरी बदलताच त्याच्या फोनचा वेग पूर्ववत झाला. पाठोपाठ वेगमापनाच्या आकड्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि २० डिसेंबरला कंपनीने कबुली दिली. बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केला जात होता, आणि ही तजवीज जानेवारीतल्या १०.२.१ या आवृत्तीपासून होती. तांत्रिकदृष्ट्या कारण पटण्यासारखे होते. आक्षेप एवढाच की, ते कोणाला नीट सांगितले नव्हते. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये ही मंदगती बंद करण्याची सोय दिली. फ्रान्समध्ये २०२० साली याच न सांगण्याबद्दल अडीच कोटी युरो दंड झाला. इटलीने तर ऑक्टोबर २०१८ मध्येच ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड ठोठावला होता. तेव्हा हा दोष एका कंपनीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडेही आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नाहीत, अशा तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावली. ज्याला कुरकुर म्हणून हिणवले, ती अनेकदा तज्ज्ञांच्या आधी आलेली साक्ष असते.

आता संमतीचा मुद्दा. नव्या साहित्याला नाके मुरडणाऱ्या वाचकाशी फोनधारकाची तुलना का जमत नाही, हे एका मराठी उदाहरणाने सांगता येईल. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्यावर वाद झाले. आजही तो बदल न रुचलेले लोक भेटतात. पण नवा नियम नव्या छपाईला लागू झाला. आपल्या आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांवरचे अनुस्वार रात्रीतून कोणी येऊन पुसले नाहीत. ज्याला जुने वाचायचे त्याच्यासाठी ते शाबूत राहिले. फोनचे तसे नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू घेतल्यानंतर बदलते, आणि आयफोनवर तर नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत जुनीकडे परतण्याची अधिकृत वाट कंपनी बंद करते. एकदा होकार दिला की तो कायमचा. वाचकाला पुस्तक मिटण्याचा अधिकार असतो. इथे तोच काढून घेतलेला आहे.

यावर एक सबळ आक्षेप आहे. नव्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती असते. ती नाकारणारा स्वतःची माहिती चोरांच्या हाती देतो, म्हणून सर्वांनी पुढे जावे हेच हिताचे. आक्षेप खरा आहे, आणि त्यातच मेख आहे. घराचे कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस जर ‘भिंतींचा रंगही मीच ठरवणार, नाहीतर कुलूप नादुरुस्त राहील,’ असे म्हणू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? दुरुस्ती आणि सजावट एकाच गाठोड्यात बांधली, म्हणून नकार अशक्य होतो. ती वेगळी करता येत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आली तेव्हा जुन्या १४ वरच राहून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची मुभा ॲपलने दिली होती. ती तात्पुरती होती, असे सांगून जानेवारी २०२२ मध्ये काढून घेतली. म्हणजे अडचण तंत्राची कमी आणि इच्छेची अधिक आहे. दोन प्रणाली सांभाळायला खर्च येतो, हे कबूल. पण तो खर्च कोणी सोसावा, याची चर्चा तरी उघडपणे व्हावी.

भाषेच्या अभ्यासकाला शेवटी एक शब्द खटकतो. ‘अपडेट’साठी आपण ‘अद्ययावत’ म्हणतो. अद्य आणि यावत्, म्हणजे आजपर्यंतचे. हा शब्द काळाबद्दल बोलतो. गुणाबद्दल तो काहीच सांगत नाही. जे आजचे आहे ते कालच्यापेक्षा चांगलेच असते, हा अर्थ त्याला आपण चिकटवला आहे. कालचे ते सारे चांगले असे मानणारा सनातनी आणि आजचे ते सारे चांगले असे मानणारा आधुनिक, दोघेही विचाराचे कष्ट टाळतात. फोनवरच्या नव्या काचेबद्दल कुरकुर करणारा सामान्य माणूस निदान समोरची वस्तू पाहून बोलत असतो. समीक्षेची सुरुवात तिथूनच होते. त्याला ‘सवय होईल’ असे उत्तर देण्यापूर्वी त्याची तक्रार अभिरुचीची आहे, शरीराची आहे की हक्काची आहे, एवढे तरी विचारावे.