लढाई थांबते

"मामा, लढाई कुणासाठी थांबते का?" बुऱ्हाणपूरला बहिणीकडे गेलो की भाचा हे ऐकवतोच. संगणकावरच्या खेळांत तो 'एज ऑफ एम्पायर्स'वाला, मी 'सिव्हिलायझेशन'वाला. त्याच्या खेळात दोन्ही बाजू एकाच वेळी पळत असतात. माझ्या खेळात एकाची खेळी संपते, मग दुसऱ्याची येते. खरी लढाई आपल्याच खेळासारखी असते आणि माझा खेळ म्हणजे नुसता सारीपाट, असं त्याचं म्हणणं.

सारीपाट म्हटल्याचं मला वाईट वाटत नाही. पण खऱ्या लढाईचा दावा मी मान्य करणार नाही, निदान बुऱ्हाणपुरात बसून तरी नाही. 1681च्या जानेवारीअखेर मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची फौज याच शहराच्या बहादूरपुऱ्यावर येऊन पडली आणि तीन दिवस लूट चालली. मोगल सुभेदार खानजहान तेव्हा औरंगाबादेत होता. त्याला बातमी कळून तो निघेपर्यंत मराठ्यांची खेळी पुरी झाली होती. मग त्यानं वाट अडवायची, मराठ्यांनी चोपड्याकडून निसटायचं. एकानं चाल करायची, बातमी पोचायची, मग दुसऱ्यानं चाल करायची. घोडे भरधाव असतील, पण सेनापतीचं युद्ध असंच डावाडावानं चालत आलं. इथून वीसेक किलोमीटरवरच्या असीरगडाला अकबराच्या फौजेनं 1600 साली घातलेला वेढा तर 1601च्या जानेवारीपर्यंत रेंगाळला.

दुसरा आक्षेप असा की, डावाडावाचा खेळ मंद डोक्याच्या माणसांचा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आळीपाळीनं खेळणं वेगळं आणि सावकाश खेळणं वेगळं. जुलै 2025 मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तो जलद डावांच्या टायब्रेकमध्ये. घड्याळ डोक्यावर होतं, तरी खेळी आळीपाळीनंच होत होती.

भाच्याच्या खेळात कौशल्य नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मेंढ्या, लाकूडतोडे, टेहळणीचा घोडेस्वार, सगळ्यांवर एकदम नजर ठेवायची. घोडेस्वाराकडे पाहताना इकडे रानडुकरानं माणूस मारलेला असतो. पण ती कसोटी लक्ष वाटून देण्याची आहे, आणि डावपेच म्हणजे तेवढंच नव्हे. हरल्यावर तो म्हणतो, "अरे, दिसलंच नाही!" खरंच दिसलेलं नसतं. माझ्या खेळात नकाशावरच्या धुक्याआडचं काही दिसत नाही, हे कबूल. पण जे दिसतं ते निवांत दिसतं, घाईवर खापर फोडता येत नाही. शहर चुकीच्या जागी वसवलं ते मीच, पुरता विचार करून. शंभर खेळ्यांनंतर तिथे धान्य कमी पडलं की ती चूक माझ्या नावावर चढते. मला या खेळाची ओढ आहे ती या जबाबदारीमुळे. 1991 साली हा खेळ आल्यापासून लोक 'अजून एकच टर्न' म्हणत पहाट करतात, ते आरामासाठी नाही. आपण ठरवलेल्याचं पुढे काय झालं, हे पाहिल्याशिवाय त्यांना उठवत नाही.

दिवाळीत मी त्याला माझा खेळ उघडून दिला. पहिलं शहर वसवायचं होतं. एका बाजूला नदी, दुसरीकडे टेकडी, थोडं पुढे समुद्र. त्यानं माऊस नदीवर नेला, टेकडीवर नेला, पुन्हा नदीवर आणला. शेजारच्या खोलीतून पॉवरलूमची खटखट येत होती. बहिणीनं जेवायला दोनदा हाक मारली. मी म्हटलं, "दाब की बटण."

"थांबा ना मामा, अजून ठरत नाहीये."