दोनच वर्षांची टीम

आपल्या टीमने हरत राहायचं आणि आपण टीव्हीसमोर नखं खात बसायचं, याची पुणेकरांना सवयच होती म्हणा ना! 2011 ते 2013 अशी तीन वर्षं 'पुणे वॉरियर्स' आयपीएलमध्ये खेळली, ती तळाशीच. पुढे चेन्नई आणि राजस्थान या संघांवर सट्टेबाजी प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली आणि त्या रिकाम्या जागी पुण्याला पुन्हा एक टीम मिळाली. पण फक्त 2016 आणि 2017 साठी! म्हणजे भाड्याच्या सायकलसारखंच की, वेळ संपली की परत.

2016 मध्ये आठ संघांत सातवा नंबर. त्यात महाराष्ट्रात दुष्काळ, म्हणून मे महिन्यातल्या घरच्या मॅचेस थेट विशाखापट्टणमला गेल्या.

2017 ला धोनीऐवजी स्टीव्ह स्मिथ कप्तान झाला. गहुंजेला पहिल्याच मॅचमध्ये त्याने नाबाद 84 धावा काढून मुंबईला हरवलं. वाटलं, जमलं बुवा! तर पुढच्या तीनही मॅचेस हरलो. घरोघरचे मोठे लोक म्हणायला मोकळे, "आता टीव्ही बंद करा आणि जरा सुट्टीतलं वाचन करा."

पण नंतर काय झालं माहीत आहे? हैदराबादला शेवटच्या षटकात 13 धावा हव्या होत्या. जयदेव उनाडकटने ते षटक निर्धाव टाकलं, वर हॅटट्रिकही घेतली! साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स शतक ठोकत होता, आणि त्याच टीममध्ये अवघ्या दहा लाखांचा राहुल त्रिपाठी होता. महाराष्ट्राकडून खेळणारा, आपल्या पुण्यातला. त्याने कोलकात्याला ईडन गार्डन्सवर 52 चेंडूंत 93 धावा कुटल्या. मला विचाराल तर साडेचौदा कोटींपेक्षा या दहा लाखांचंच कौतुक जास्त.

14 पैकी 9 विजय, दुसरा नंबर! मग वानखेडेवर 17 वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने 16 धावांत 3 बळी घेतले आणि मुंबईला त्या मोसमात तिसऱ्यांदा धूळ चारून आपण फायनलला.

21 मे 2017, हैदराबाद. जिंकायला फक्त 130 धावा. शेवटच्या षटकात 11. गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार! दुसऱ्यावर तिवारी बाद. तिसऱ्यावर 51 वर खेळणारा स्मिथही बाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्यात. डॅन ख्रिश्चनने मारला, दोन धावा पळून झाल्या, तिसरी मिळाली असती तर टाय... आणि रनआउट. एका धावेने गेली.

इतर कुठलाही संघ हरला की आपण म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू." इथे पुढचं वर्षच नव्हतं हो! 2018 ला चेन्नई-राजस्थान परत आले, पुण्याची टीम संपली. त्या टीमचे जांभळे टी-शर्ट कुणाकुणाच्या कपाटात अजून असतील, विचारून बघा घरी.

राहुल त्रिपाठी मात्र खेळत राहिला. दुसऱ्या संघांकडून, वर्षामागून वर्षं. 5 जानेवारी 2023 ला, वयाच्या 31 व्या वर्षी, तो श्रीलंकेविरुद्ध भारताकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. मैदान कुठलं, सांगा पाहू? गहुंजेच! धावा पाचच झाल्या. पण टाळ्या मोजल्या होत्या का कुणी?