थंड ते सारे शुद्ध नव्हे

वैशाखात जालन्याचा उष्मा ४० अंशांपलीकडे गेला म्हणजे विद्यार्थ्यांची पावले बर्फाच्या गाडीकडे वळतात. शीत पेयास आमचा विरोध नाही. परंतु पाणी गोठले म्हणून त्यातील विषमज्वराचे सर्व जंतू मरत नाहीत. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला, तो उगाच नव्हे. मग कॉफी घरीच का करू नये? पूड उकळत्या पाण्यात मुरवून गाळावी, साखर घालून निववावी, तापवून गार केलेले दूध मिसळावे. बर्फही उकळलेल्या पाण्याचाच असावा. हे श्रम आईवर न टाकता मुलांनीच करावेत. तान्हेल्यास गार पाण्याचा प्याला देणाऱ्यास प्रभूने प्रतिफळाचे अभिवचन दिले आहे. तो प्याला निर्मळ राखणे हे आपले कर्तव्य होय.